बंगाल बिघडला, केरळ का नाही?

प्रश्न : डावे पक्ष गरिबांचं भलं करतात असं घटकाभर धरून चालू. पण एकदा सत्ता मिळाली की ते लोकशाही गुंडाळतात, हाच इतिहास आहे. मग विकसनशील देशांतल्या मतदाराने त्यांच्यावर विश्वास का ठेवावा? – एक वाचक

उत्तर : कोणाचा इतिहास, ते तुम्ही लिहिलेलं नाही. चिलीत समाजवादी नेते आयेंदे 1970 साली राष्ट्राध्यक्ष म्हणून निवडून आले. 1973 मध्ये लोकशाही गुंडाळली ती लष्कराने. केरळात नंबुद्रिपादांचं कम्युनिस्ट सरकार 1957 साली मतपेटीतून आलं आणि 1959 मध्ये केंद्राने बरखास्त केलं.

तरी तुमचा संशय खोटा नाही. निकाराग्वात डावे राष्ट्राध्यक्ष ओर्तेगा 1990 साली निवडणूक हरले आणि मुकाट पायउतार झाले. तेच गृहस्थ 2007 मध्ये परत आले आणि 2021 च्या मतदानाआधी त्यांनी विरोधी इच्छुकांना तुरुंगात डांबलं. माणूस तोच, पक्षही तोच. त्यामुळे सगळा दोष डाव्या विचारांच्या पोथीवर टाकणं मला पटत नाही.

मला जास्त छळतो तो पश्चिम बंगाल. मार्क्सवादी कम्युनिस्ट पक्षाच्या नेतृत्वाखालची डावी आघाडी 1977 मध्ये सत्तेवर आली आणि पुढच्याच वर्षी तिने बर्गादारांची, म्हणजे वाट्याने जमीन कसणाऱ्यांची, नोंदणी सुरू केली. मालकाच्या मर्जीवर जगणाऱ्या या माणसांसाठी महसूल अधिकारी संध्याकाळी गावात शिबिरं घेऊ लागले, सगळ्यांसमोर नावं लिहू लागले. सुमारे 14 लाख नोंदी झाल्या. नोंद झालेल्याला मनमानीने हुसकता येईना. पंचायत निवडणुकाही 1978 मध्येच झाल्या. विकास आणि लोकशाही हातात हात घालून चालताना पाहायची असेल, तर ती पहिली वर्षं पाहा.

मग तोच पक्ष सलग 34 वर्षं राहिला. शिक्षकाची नेमणूक असो की भावकीतला तंटा, वाट पक्ष कार्यालयातून जाऊ लागली. 2006 मध्ये 294 पैकी 235 जागा मिळाल्या आणि सिंगूर-नंदीग्राममध्ये उद्योगासाठी जमीन घ्यायची ठरली. शेतकरी नको म्हणत होते. ते वर पोहोचवणारं पक्षात कोणी उरलं नव्हतं, किंवा उरलेल्यांचं कोणी ऐकत नव्हतं. 14 मार्च 2007 रोजी नंदीग्राममध्ये पोलिसांच्या गोळीबारात 14 माणसं मेली. ज्यांनी जमिनीचा हक्क दिला, त्यांच्याच राज्यात! 2011 मध्ये सरकार गेलं.

केरळचे डावे काही संत नाहीत. पण तिथल्या मतदाराने 1982 ते 2016 दर निवडणुकीत सरकार बदललं. पुन्हा हरायचंच आहे हे ठाऊक असलेला पक्ष वेगळा वागतो. 1996 मध्ये सत्तेत परतल्यावर त्याने राज्याच्या योजना निधीचा 35 ते 40 टक्के हिस्सा स्थानिक संस्थांकडे सोपवला, विरोधकांच्या ताब्यातल्या पंचायतींनासुद्धा.

तेव्हा विश्वास ठेवायची गरजच नाही. मत द्यायचं तर द्या, पण कोणत्याही डाव्या जाहीरनाम्यात जमीन आणि मजुरीची आश्वासनं मी नंतर वाचतो. विरोधकांची सत्ता असलेल्या गावाला पैसा कोणत्या नियमाने मिळणार, ते आधी.