पहिला पिकअप घेताय? आधी टेप काढा

अभिनंदन! अमेरिकेत पहिला ट्रक म्हटलं की सगळे इंजिन बघत बसतात, तुम्ही आधी गॅरेज मोजा. चार दारांची, साडेपाच फुटी बेडवाली (बेड म्हणजे मागचा उघडा हौदा) फोर्डची फुल-साइज एफ-१५० १९ फुटांच्या वर जाते, टोयोटाची मिडसाइज टॅकोमा पाच फुटी बेडसकट पावणेअठराच्या आसपास, आणि इथल्या बऱ्याच गॅरेजची खोली २० फूट, त्यात पुढे फ्रीझर आणि पोरांच्या सायकली असतातच.

नवीन लोक खरं तर फसतात ते पेलोडला, म्हणजे ट्रक स्वतःवर किती वजन घेऊ शकतो त्याला. जाहिरातीतला टोइंगचा (मागे किती ओढेल त्याचा) आकडा बाजूला ठेवा, ड्रायव्हरचं दार उघडा, तिथे खांबावर स्टिकर असतो, माणसं आणि सामान मिळून किती पौंड चालतील ते त्यावर लिहिलेलं असतं. समजा १४०० आहे. घरचे चौघे ६५०, ५००० पौंडांच्या ट्रेलरचा हिचवर (ट्रेलर जोडायच्या मागच्या कडीवर) दाब ५०० ते ७५०, ७५० धरला तर झालं, सामानाला जागाच उरली नाही! मी पहिल्यांदा हे न बघता कॅम्पर (राहायची सोय असलेला ट्रेलर) जोडला, ट्रक मागून बसला आणि हेडलाइट सगळे समोरच्यांच्या डोळ्यात.

म्हणून,
- रोज ऑफिस, शहरातलं पार्किंग, अधूनमधून बागेची माती: मिडसाइज भरपूर झाला.
- दर वीकेंडला मोठा कॅम्पर किंवा मागच्या सीटवर उंच मुलं: फुल-साइजच घ्या.

४ बाय ८ चं प्लायवूड मिडसाइजमध्ये चाकांच्या कमानींवर ठेवावं लागतं, पण तेवढ्यासाठी मोठा घेऊ नका. गिअर रेशो, लिफ्ट किट (ट्रक उंच करायचे भाग) असलं सगळं नंतर बघू. टेस्ट ड्राइव्हला घरच्या सगळ्यांना न्या आणि नेहमीच्या दुकानाच्या पार्किंगमध्ये एकदा रिव्हर्स लावून बघाच.