नोट्सची शीर्षकं कशी द्यावीत: तारीख, क्रमांक की विषय?

ऑब्सिडियन या नोट्स ठेवायच्या ॲपमध्ये शेकडो नोट्स साठल्या, कुणाला तारीख, कुणाला क्रमांक, तर कुणाचं नाव नुसतंच ‘विचार २’. आता हवी ती सापडत नाही, तेव्हा सगळ्यांना चालेल असा एकच नियम सांगा, असा तुमचा प्रश्न आहे. एकच नियम मी तरी देणार नाही. नोट कशाची आहे यावर शीर्षक ठरतं.

आधी क्रमांक निकालात काढू. निक्लास लुमान या जर्मन समाजशास्त्रज्ञाने सुमारे ९०,००० चिठ्ठ्यांना क्रमांक दिले, कारण कागदाची चिठ्ठी एकाच जागी राहते आणि दुसऱ्या चिठ्ठीतून तिचा उल्लेख करायला पत्ता लागतो. तुमच्याकडे ते काम लिंक करते. शिवाय ऑब्सिडियनमध्येच नोटचं नाव बदललं तर त्या नोटकडे येणाऱ्या लिंकही आपोआप दुरुस्त होतात.

तारीख फक्त मीटिंग, रोजनिशी अशा दिवसाशी बांधलेल्या नोट्सना द्या, आणि वर्ष-महिना-दिवस याच क्रमाने. मग नावानुसार लावलेली यादी आपसूक कालक्रमाने लागते. व्यक्ती, पुस्तक, संकल्पना यांना साधं नाव पुरतं.

खरी मेहनत घ्यायची ती स्वतःच्या विचारांच्या नोट्सवर. तिथे शीर्षक पूर्ण विधान असावं. ‘वाचन आणि स्मरण’ हे शीर्षक सहा महिन्यांनी काहीच सांगत नाही. ‘पुन्हा वाचण्यापेक्षा आठवून पाहिल्याने जास्त लक्षात राहतं’ हे वाचलं की नोट उघडायचीही गरज पडत नाही. शिवाय दुसऱ्या नोटमध्ये ‘धड्याखालचे प्रश्न पुस्तक मिटून सोडवावेत, कारण…’ एवढं लिहून पुढे ती लिंक टाकली की वाक्य पुरं होतं. माझी कसोटी हीच: शीर्षक चालू वाक्यात बसतं का? विधान जमतच नसेल तर बहुधा एका नोटमध्ये दोन मुद्दे कोंबलेले असतात, किंवा मुद्दा अजून सापडलेलाच नसतो. दोन मुद्दे असतील तर नोट फोडा. मुद्दा सापडला नसेल तर ‘कच्चं’ असं पुढे लावून सोडून द्या, काही बिघडत नाही.

देवनागरीत शीर्षकं लिहिणाऱ्यांसाठी थोडं वेगळं. ‘ॲप’मधला ‘ॲ’ दोन प्रकारे टाइप होतो: एक स्वतंत्र अक्षर म्हणून, नाहीतर ‘अ’ला चंद्र जोडून. दिसायला सारखे, पण युनिकोडच्या, म्हणजे संगणकातल्या अक्षरांच्या संकेतांच्या लेखी वेगळे. त्यामुळे साधा शोध एकाला शोधताना दुसरा गाळू शकतो. एकच कीबोर्ड ठरवा. आकडेही एकाच लिपीतले वापरा, नाहीतर क्रम विस्कटतो. लांबीचं म्हणाल, तर नोटचं शीर्षक हेच तिच्या फाइलचं नाव असतं; लिनक्सच्या नेहमीच्या फाइल सिस्टिममध्ये नावाला २५५ बाइट्सची मर्यादा असते आणि देवनागरीचं प्रत्येक चिन्ह, काना-मात्रा धरून, ३ बाइट्स खातं. म्हणजे साधारण ८० चिन्हांच्या आत राहिलेलं बरं. प्रश्नचिन्ह, अपूर्णविराम आणि तिरकी रेघ टाळा. विंडोज ती फाइलच्या नावात घेत नाही.

तीच नोट दुसऱ्या शब्दाने शोधाल असं वाटलं तर तो शब्द शीर्षकात कोंबू नका, नोटच्या ‘एलियसेस’ (पर्यायी नावं) या प्रॉपर्टीत टाका. आणि जुन्या नोट्सची नावं एका बैठकीत बदलायला बसू नका. जी कामासाठी उघडाल, तिचं तेवढं बदला. ज्या कधी उघडल्याच जात नाहीत, त्या ‘विचार २’ राहिल्या तरी कुणाचं काय जातंय?