शिंपल्याचं प्रथिन आणि अण्णांची नडगी

प्रश्न: डॉक्टर साहेब, आमचे अण्णा (वय ५८) आठ महिन्यांपूर्वी मोटारसायकलवरून पडले. नडगी मोडली, रॉड टाकला, पण हाड अजून जुळलं नाही. पुतण्याने मोबाइलवर दाखवलं की समुद्री शिंपल्याच्या प्रथिनाने हाड नव्याने येतं. पावडर ऑनलाइन मिळते म्हणे. अण्णा माळकरी आहेत. द्यावी का? दुसरं ऑपरेशन टळेल का?
— एक वाचक भगिनी, सेलू (जि. परभणी)

उत्तर: ताई, ती पावडर आणू नका. कोणतंही प्रथिन तोंडावाटे घेतलं की डाळीतल्या प्रथिनासारखंच पोटात पचतं. ते अख्खं नडगीपर्यंत पोचत नाही. संशोधन मात्र खरं आहे, आणि हाडांची ऑपरेशनं करणारा म्हणून मला त्याचं फार अप्रूप आहे.

कोकण-गोव्याच्या किनाऱ्यावर खडकांना शिंपल्यांचे झुबके असतात, शिणाणे म्हणतात त्यांना. लाटा आपटत राहतात, तरी सुटत नाहीत. शिंपल्यातून जिभेसारखा मऊ पाय बाहेर येतो, खडक चाचपतो, आणि पायाच्या खाचेत पाझरलेल्या द्रवाचा काही मिनिटांत दोरा होतो. दोऱ्याच्या टोकाला चिकट चकती. तिच्यातल्या प्रथिनांत डोपा नावाचा घटक असतो, हे १९८१ च्या सुमारास अमेरिकेत हर्बर्ट वेट यांनी दाखवलं. आपला डिंक नि सरस ओल्यावर धरत नाही. डोपा ओल्यातही धरतो.

हाड जुळत नसलं की आम्ही कमरेच्या हाडाचा कीस काढून मोडलेल्या जागी भरतो, अशा भरणीला ग्राफ्ट म्हणतात. टेबलावर तो बोटाने दाबून बसवावा, तर बाजूने रक्त झिरपतं आणि दाणे जागा सोडतात. हे ज्याने स्वतः अनुभवलंय त्याला शिंपल्याचं मोल लगेच कळतं. दक्षिण कोरियातल्या पोहांगच्या संशोधकांनी या प्रथिनात हायलुरोनिक आम्ल (आपल्या सांध्यांतही असणारं बुळबुळीत द्रव्य) मिसळून रक्तातही न सुटणारा चिकटा केला, आणि ग्राफ्टच्या दाण्यांसह उंदरांच्या कवटीतल्या भोकात भरला. तिथे हाड जास्त चांगलं भरून आलं. पण प्रथिनाचं स्वतःचं हाड होत नाही. ते दाणे धरून ठेवतं, पेशींना चिकटायला जागा देतं. हाड शेवटी शरीराच्याच पेशी घडवतात.

माळेचं म्हणाल, तर शिंपल्यातून हे फार थोडं मिळतं, म्हणून त्याचा जनुक जिवाणूत घालून प्रयोगशाळेत तयार करतात. पुढे कधी असं औषध आलं तर अण्णांनी मनात किंतु ठेवू नये असं मला वाटतं. निर्णय अर्थात त्यांचा. आज मात्र मोडलेल्या नडगीसाठी ते आपल्याकडे वापरात नाही. त्याची वाट पाहत बसू नका.

अण्णा तंबाखू खातात का, हे तुम्ही लिहिलं नाही. न जुळलेल्या नडगीचा पेशंट आला की मी आधी तेच विचारतो. गळ्यात माळ आली की दारू सुटते, पण चुना-तंबाखू बऱ्याचदा खिशात राहतो. निकोटिनने बारीक रक्तवाहिन्या आकसतात, आणि नडगीच्या खालच्या भागाला रक्तपुरवठा मुळात कमी. खात असतील तर आजपासून बंद. साखर आणि ड जीवनसत्त्व तपासून घ्या. जखमेतून पू येत असेल किंवा पाय गरम लागत असेल, तर थांबू नका, लगेच दाखवा.

नऊ महिने झाले आणि शेवटच्या तीन महिन्यांत एक्स-रेत काही फरक नाही, तर हाड आपोआप जुळेल असं आम्ही सहसा धरत नाही. कधी रॉडचा एखादा स्क्रू काढून पायावर भार येऊ दिला की भागतं, कधी जाड रॉड घालावा लागतो, कधी कमरेचा ग्राफ्ट. ऑपरेशन टळेलच असं खोटं सांगणार नाही.

आधी रॉड टाकणाऱ्या डॉक्टरांकडे जा, नाहीतर अंबाजोगाई किंवा नांदेडच्या सरकारी वैद्यकीय महाविद्यालयात अस्थिरोग विभागात दाखवा. पहिल्या दिवसापासूनच्या सगळ्या एक्स-रे फिल्म सोबत न्या, नुसते रिपोर्ट नकोत. आणि तोवर हाडवैद्याकडून त्या पायाला मालीश करून घेऊ नका.