पहिल्या वर्षी एवढंच करा

ताई, घरापुरतं अन्न स्वतः पिकवायचं म्हणून जमीन घेतलीत आणि घरातले सगळे तयार आहेत, फार बरं वाटलं. पहिल्याच वर्षी सगळं घरचं खायचा हट्ट मात्र धरू नका. भाजीपासून सुरुवात करा, मग कडधान्य, ज्वारी-बाजरी त्यानंतर.

नवी मंडळी हमखास चुकतात ती पेरणीत. मृगाची पहिली सर आली की बी टाकतात, पुढे पाऊस ओढ देतो आणि उगवलेलं करपतं. ७५ ते १०० मिलिमीटर पाऊस होऊ द्या, जमिनीला वाफसा येऊ द्या, म्हणजे माती ओलसर पण चिखल नाही अशी होऊ द्या, मग पेरा. शेजारच्या शेतकऱ्याला विचारा. त्याला तुमच्या मातीची नस ठाऊक असते.

खरिपात एवढं पुरे:
- मूग, साधारण दोन महिन्यांत हाती येतो
- बांधाला तूर
- मांडवावर दोडका, कारलं, घेवडा
- कायमचा शेवगा, कढीपत्ता, पपई

मेथी, पालक एकदम पेरू नका. दर पंधरा दिवसांनी एक वाफा पेरा, नाहीतर एका आठवड्यात भाजीचा ढीग आणि पुढे महिनाभर काहीच नाही.

गाय आत्ता नको. उन्हाळ्यात वैरण आणि पाणी कुठून आणणार, हे ठरल्याशिवाय तर नकोच. चार गावठी कोंबड्या चालतील, पण रात्री खुराडं पक्कं बंद हवं.

आणि साठवण! कडधान्य कडक उन्हात वाळवून, पूर्ण गार झाल्यावरच डब्यात भरा. ओल राहिली की भुंगा लागलाच. बियाण्यापुरतं आधी बाजूला काढा.

रब्बीचं दिवाळीच्या सुमारास विचारा, तेव्हा सांगते.