क्लोझापिननंतर मंत्रचळ: दुसरी गोळी घेण्याआधी

ताई, क्लोझापिनने (स्किझोफ्रेनियावरचं औषध) भावाला ऐकू येणारे आवाज थांबले, पण आठ महिन्यांनी तासन्‌तास हात धुणं आणि गॅसचं बटण तपासणं सुरू झालं, हे वाचून राहवलं नाही. मी डॉक्टर नाही, पण हा प्रकार चांगला माहीत आहे. क्लोझापिनवर मंत्रचळ (ओसीडी, म्हणजे तेच विचार आणि त्याच कृती पुन्हा पुन्हा) नव्याने लागू शकतो. त्यामुळे मूळ आजारच उलटला असं लगेच धरू नका.

त्याला एकदा शांतपणे विचारा, का धुतोस? ‘शेजाऱ्यांनी विष लावलंय’ किंवा ‘आवाज सांगतो’ म्हणाला, तर तो मूळ आजार. ‘हात स्वच्छ आहेत, कळतंय, पण धुतल्याशिवाय चैन पडत नाही’ म्हणाला, तर मंत्रचळ. दोन्हींची सरमिसळही असते, म्हणून त्याचे शब्द जसेच्या तसे लिहून न्या.

आता मुख्य गोष्ट. ओसीडीसाठी वेगळा डॉक्टर गाठू नका. आम्हाला सगळ्यांत महागात पडलं ते हेच. एका दवाखान्यात चालू गोळ्यांची यादी न बघताच फ्लुवॉक्सामिन लिहून दिलं. यकृतातलं जे एन्झाइम क्लोझापिनचा निचरा करतं, नेमकं तेच ही गोळी अडवते. क्लोझापिनचे मिलिग्रॅम तेवढेच, पण रक्तातली पातळी कित्येक पट वर. मग दिवसभर गुंगी, तोल जाणं, गच्च बद्धकोष्ठता, प्रसंगी फिट. ओसीडीवर ते औषध चांगलं आहे, पण क्लोझापिनसोबत सहज लिहून द्यायचं नाही. यादी वाचायला दोन मिनिटं लागतात हो!

क्लोझापिन देणाऱ्या डॉक्टरांनाच विचारा: डोस थोडा कमी करता येईल का, अॅरिपिप्राझोल (स्किझोफ्रेनियावरचं दुसरं औषध) जोडता येईल का, सर्ट्रालिन (ओसीडीवरची दुसरी गोळी) चालेल का. रक्तातली पातळी तपासायची तर नमुना शेवटच्या डोसनंतर साधारण 12 तासांनी, सकाळची गोळी घेण्याआधी द्यायचा.

घाबरून क्लोझापिन स्वतःहून बंद करू नका, आवाज जोरात परत येतात. आणि 48 तासांहून जास्त खंड पडला तर जुना डोस एकदम द्यायचा नाही. डॉक्टरांना फोन करा, पुन्हा 12.5 मिलिग्रॅमपासून चढावं लागतं.

‘गॅस बंद आहे ना?’ला दर वेळी उत्तर देत बसलात तर तपासणं वाढतं. ते कसं थांबवायचं, हे मात्र थेरपिस्टकडून शिका, एकदम तोडू नका.

भाऊ बिडी-सिगारेट ओढत असेल तर तेही सांगा. धुरामुळे क्लोझापिनचा निचरा लवकर होतो, अचानक सोडली की पातळी चढते. मळलेल्या तंबाखूने तसं होत नाही.