अमळनेरमधून चालणारी पोकेमॉन पत्त्यांची मराठी वेबसाइट खरंच होती का? ती कुठे गेली?

होती. मीच चालवायचे.

तुम्ही विचारलंय की २००४-०५ च्या सुमारास अमळनेरहून कुणीतरी पोकेमॉनच्या पत्त्यांवर मराठी साइट चालवायचं असं धुळ्याचा तुमचा मित्र सांगतो, पण शोधून काहीच सापडत नाही. मग ते खरं की थाप? आणि घरात निघालेल्या जुन्या पत्त्यांना आज काही भाव येईल का? मित्र थाप मारत नाही. सापडत का नाही तेही सांगते, पण आधी प्रेसपासून सुरुवात करावी लागेल.

पप्पांची लग्नपत्रिकांची छोटी प्रेस होती. स्क्रीन प्रिंटिंग, हाताने ओढायचं कटिंग मशीन आणि एक कॉम्प्युटर, त्यावर मराठी टाइप करायचं श्री-लिपी. मी शाळेतून आले की पत्रिकांचं कंपोझिंग करायचे. ‘चि. सौ. कां.’ मी झोपेतही टाइप करू शकले असते.

पोकेमॉन हे जपानी कार्टून २००३ मध्ये कार्टून नेटवर्कवर लागायला लागलं. पुढच्या वैशाखात सखाराम महाराजांच्या यात्रेत, बोरीच्या पात्रात लागलेल्या दुकानांमध्ये, पाळण्यांच्या शेजारी एक जण पत्त्यांची पाकिटं विकत होता. पाच रुपयांना एक. नंतर तीच पाकिटं शाळेसमोरच्या दुकानातही आली. माल सुरतेहून यायचा. सुरत-भुसावळ लाइनवरचं आमचं गाव, निम्म्या घरांचं कुणी ना कुणी उधना-लिंबायतला, त्यामुळे सुट्टीला येणारा प्रत्येक जण पिशवीत दोन-चार पाकिटं घेऊन यायचा. सगळी नकली. पण ‘नकली’ म्हणायला अस्सल बघितलेलं लागतं, ते कुणीच बघितलं नव्हतं.

खेळायचे कसे? तोवर पोरांच्या हातात डब्ल्यूडब्ल्यूएफची ट्रम्प कार्डं होती: उंची, वजन, छाती, ज्याचा आकडा मोठा तो पत्ता घेऊन जाणार. पोकेमॉनच्या पत्त्यावर आकडा एकच ठळक दिसायचा, वर उजव्या कोपऱ्यात, एचपी. शेतकऱ्याच्या पोरांना एचपी म्हणजे विहिरीवरची मोटार. वर्गातला एक जण चॅरिझार्डचा, म्हणजे आग ओकणाऱ्या पोकेमॉनचा, पत्ता हातात धरून गंभीरपणे म्हणाला होता, “आमनी मोटार पाच एचपीनी शे, आन् हाऊ एकशेवीसना?” तेव्हा मीही हॉर्सपॉवरच समजत होते. ते हिट पॉइंट्स आहेत, म्हणजे किती मार सोसला की गडी बाद, हे कळायला सहा महिने गेले.

कळलं ते मामेभावामुळे. विप्रो ज्या अमळनेरात १९४५ साली वनस्पती तुपाच्या कारखान्यातून सुरू झाली, त्याच गावात आमच्या वेळी इंटरनेट तासाला तीस रुपये होतं आणि मुलींनी सायबर कॅफेत बसायचं नाही असा घरचा अलिखित नियम होता. म्हणून मामेभाऊ जायचा. एकदा तो खेळाच्या नियमांचं इंग्रजी प्रिंट घेऊन आला. मी डिक्शनरी घेऊन बसले आणि चाटच पडले. हा आकडे मोजायचा खेळ नव्हताच! साठ पत्त्यांचा आपापला गठ्ठा, मैदानात एक गडी, मागे बाकावर जास्तीत जास्त पाच, बाजूला सहा बक्षिसाचे पत्ते, आणि प्रत्येक हल्ल्यासाठी गड्याला ठरावीक एनर्जीचे पत्ते जोडायचे.

थोडा इतिहास सांगते, कारण आमच्या साइटवर त्याचं एक पान होतं. प्रत्येकाने आपला गठ्ठा आपण जमवायचा आणि बांधायचा, ही कल्पना बाजारात रुजवली ‘मॅजिक: द गॅदरिंग’ या पत्त्यांच्या खेळाने, १९९३ मध्ये. करणारा रिचर्ड गारफिल्ड, गणिताचा माणूस. तो खरं तर एक वेगळा बोर्ड गेम घेऊन ‘विझार्ड्स ऑफ द कोस्ट’ या खेळ काढणाऱ्या कंपनीच्या पीटर ॲडकिसनकडे गेला होता. तो छापायला महाग पडेल, त्यापेक्षा सोबत नेता येईल आणि पटकन उरकेल असं काहीतरी दे, असं ॲडकिसन म्हणाला, त्यातून हे निघालं. पोकेमॉनचे पत्ते जपानात ऑक्टोबर १९९६ मध्ये आले. इंग्रजीत त्याच विझार्ड्सने जानेवारी १९९९ मध्ये काढले, पहिला संच १०२ पत्त्यांचा. आणि २००३ मध्ये ते काम त्यांच्याकडून पोकेमॉनच्या स्वतःच्या कंपनीकडे गेलं. म्हणजे आमच्या टीव्हीवर पिकाचू आला त्याच वर्षी विझार्ड्सचं छापणं थांबलं. यात्रेतले पत्ते बहुतेक त्या पहिल्या संचाच्याच नकला होत्या.

नियम कळले, पण खेळता येईना. पाकिटांत एनर्जीचे पत्तेच नसायचे. नकली छापणाऱ्याला ते छापण्यात काय रस? पोरांना चॅरिझार्ड हवा, ज्वाळेचं चित्र कोण विकत घेणार! तेव्हा प्रेस कामाला आली. चुकलेल्या, उरलेल्या पत्रिकांचा ढीग असायचा. पत्त्याचं माप ६३ बाय ८८ मिलिमीटर. कटिंग मशीनवर माप लावलं आणि दुपारभरात दोनशे पत्ते कापले. वर स्केचपेनने आग, पाणी, पान, वीज, डोळा, मूठ. सहा प्रकार.

घोळ पाठीमागे होता. खऱ्या-खोट्या पत्त्यांची पाठ निळी, आमच्या एनर्जीच्या पाठीवर गणपती, नाहीतर ‘आमच्या येथे श्रीकृपेकरून’चा अर्धा तुकडा. पिसून ठेवलं तरी वरचं पान एनर्जी आहे की गडी हे लांबूनच दिसायचं. हुशार पोरांनी तर कुठल्या लग्नाची पत्रिका म्हणजे कुठली एनर्जी हेही पाठ केलं. मग मी नियमच बदलला: एनर्जीचा गठ्ठा वेगळा, गड्यांचा वेगळा, दर पाळीला कुठल्याही एकातून एक पान उचला. साइटवर याला ‘अमळनेरी नियम’ म्हटलं होतं. आज मागे वळून बघते तर वाटतं, अजाणता आम्ही खेळाचं मर्मच काढून टाकलं होतं. अस्सल खेळात एनर्जी हातात येईल की नाही ही धाकधूक असते, आणि त्या धाकधुकीपायीच गठ्ठ्यात मोठे गडी किती आणि छोटे किती याचा हिशोब करावा लागतो. आमच्यात धाकधूकच नाही, त्यामुळे जो तो थोराड गडी भरायचा आणि निवांत एनर्जी उचलत बसायचा. तरी मजा यायची, खोटं कशाला बोलू.

साइट काढायची कल्पना मामेभावाची. कॅफेत त्याने फुकट जागा देणारी एक सेवा शोधली होती. मी प्रेसच्या कॉम्प्युटरवर नोटपॅडमध्ये पानं लिहायचे, फ्लॉपीवर टाकायचे, तो जाऊन चढवायचा. भारनियमन नसेल तर. फ्लॉपी १.४४ एमबीची, म्हणजे एका खेपेला जे बसेल ते.

खरी अडचण मराठीची होती. श्री-लिपीत लिहिलेलं ज्या कॉम्प्युटरवर तो फॉन्ट नाही तिथे निव्वळ गिचमिड दिसायचं. मी युनिकोडही, म्हणजे सगळ्या कॉम्प्युटरवर तेच अक्षर दिसावं अशी पद्धत, करून बघितलं. एक्सपीत कंट्रोल पॅनेलमध्ये जाऊन खूण करायची, विंडोजची सीडी घालायची, मग मंगल फॉन्टमध्ये अक्षरं नीट उमटायची. प्रेसमध्ये दिसलं, मी नाचले. कॅफेत विंडोज ९८, तिथे नुसते चौकोन. शेवटी पत्रिका बनवतो तसंच केलं: मजकूर कंपोझ करायचा आणि त्याचं चित्र करून चित्रच चढवायचं. एका पानाचं चित्र चाळीस-पन्नास केबी, डायल-अपवर उघडायला पाव मिनिट. पण कुठल्याही कॉम्प्युटरवर मराठी मराठीच दिसायचं.

आणि तुम्हाला शोधून काही का सापडत नाही, त्याचं उत्तर इथेच आहे. सर्च इंजिनच्या लेखी आमच्या साइटवर एकही मराठी शब्द नव्हता. नुसती चित्रं.

एकूण अकरा पानं झाली. नियमांचं भाषांतर करताना मला सगळ्यात जास्त मजा आली. बेंचला ‘बाकडं’, रिट्रीटला ‘माघार’ हे सरळ जमलं. वीकनेसला ‘दुखरी नस’ लिहिलं, त्याचा मला अजून अभिमान आहे. डिस्कार्ड पाइलला आधी ‘टाकलेली पानं’ लिहिलं होतं, पण पोरं ‘मसन’ म्हणायची, शेवटी तेच ठेवलं. पप्पांनी प्रिंट बघून कपाळावर हात मारला: लग्नपत्रिकेच्या दुकानातून मसन छापून निघतंय!

एक पान नकली पत्ते ओळखण्याचं होतं आणि लोक तेच वाचायचे. अस्सल पत्ता दोन कागदांमध्ये काळसर थर घालून बनवतात, त्यामुळे उजेडासमोर धरला तर आरपार उजेड फारसा येत नाही, आणि फाडला तर कडेला काळी रेघ दिसते. नकली पत्ता म्हणजे साधं आर्ट कार्ड, आमच्या पत्रिकेसारखंच. हे मला वाचून कळलं होतं, पण पटलं ते नंदुरबारच्या एका मुलाने परदेशातल्या काकांनी आणलेला पिजी नावाच्या पोकेमॉनचा एक अस्सल, आधीच फाटलेला पत्ता पाकिटातून पाठवला तेव्हा. पप्पांनी तो अंगठ्याने चाचपला आणि म्हणाले, “हा कागद आपल्याकडे येत नाही.” प्रेसवाल्याचा अंगठा!

त्याच मुलाने माझी सगळ्यात मोठी चूकही काढली. मी लिहिलं होतं की हल्ला केला की त्याला लागणारी सगळी एनर्जी मसनात जाते. चूक. एनर्जी जोडलेलीच राहते, पत्त्यावर तसं लिहिलं असेल तरच टाकायची. चॅरिझार्डच्या शंभर नुकसानाच्या हल्ल्याला आगीच्या चार एनर्जी लागतात, त्यातल्या दोन टाकाव्या लागतात. आम्ही चारही टाकत होतो, आणि एका पाळीला एकच जोडता येते, म्हणजे एका हल्ल्यानंतर तो तीन पाळ्या नुसता बसून. वर्षभर अमळनेरातले डाव दोन-दोन तास का चालत होते याचा उलगडा तेव्हा झाला. चूक दुरुस्त केल्यावर काही पोरं नाराज झाली. त्यांना लांबलेलाच डाव आवडायचा.

साइटवर नवीन कधी यायचं याचं गणित पंचांगात होतं. तुळशीच्या लग्नानंतर प्रेस सुरू झाली की उन्हाळ्यापर्यंत कॉम्प्युटर माझ्या हाती लागायचा नाही. आषाढ ते कार्तिक, चातुर्मासात, पानं भराभर वाढायची. इतर देशांतल्या पोकेमॉनच्या साइट नव्या संचाच्या तारखा बघून चालत असतील, आमची लग्नतिथी बघून चालायची.

२००६ मध्ये बारावी आली आणि सुटलं. पासवर्ड मामेभावाला माहीत होता, तो सुरतेला नोकरीला गेला, नंतर त्यालाही आठवेना. ती फुकट सेवा पुढे बंद झाली तेव्हा आम्हाला पत्ताही नव्हता. पानं उतरवून ठेवायला हवी होती, ठेवली नाहीत, दोष आमचाच. फ्लॉप्यांना बुरशी लागली. राहिले ते सहा पानांचे प्रिंट, पप्पांच्या पत्रिकांच्या नमुन्यांच्या अल्बममध्ये, ‘साखरपुडा’ आणि ‘वास्तुशांती’ यांच्या मधे.

तुमच्या पत्त्यांबद्दल. मार्च २०२२ मध्ये पहिल्या आवृत्तीचा, अव्वल दर्जाचा ठरलेला एक चॅरिझार्ड लिलावात ४ लाख २० हजार डॉलरला गेला, त्यामुळे माळे धुंडाळणारे बरेच झालेत. तुमचे पत्ते खानदेशात यात्रेत किंवा शाळेसमोर घेतलेले असतील तर आशा धरू नका. टॉर्चसमोर धरून बघा. उजेड सरळ आरपार आला तर पोरांना खेळायला द्या.

आणि तुमच्या धुळ्याच्या मित्राबद्दल. साइटवरच्या पाहुण्यांच्या वहीत धुळ्याहून एकच जण लिहायचा आणि दर वेळी एकच विचारायचा: झोपलेल्या गड्याला बाकड्यावर नेलं तर तो जागा होतो का? मी उत्तर देणार होते, तेवढ्यात लग्नसराई लागली. तो हाच असेल तर त्याला सांगा: झोपलेल्याला स्वतःहून माघार घेता येत नाही. पण ‘स्विच’चा पत्ता टाकून त्याला बाकड्यावर नेलं, तर हो, झोप उडते.