मुरमाचा खड्डा उपग्रहावरून बघताय? आधी महिना जुळवा

शेताच्या वरच्या अंगाला मुरूम काढतात, खड्डा दरवर्षी बांधाकडे सरकतोय आणि विचारलं की ‘हा जुनाच खड्डा आहे’ असं ऐकवतात, हे तुमचं वाचलं आणि माझेच दिवस आठवले. मीही बेळगाव जिल्ह्यातल्या खानापूर तालुक्यातलाच. उपग्रहाची चित्रं दाखवणाऱ्या कॉपर्निकस ब्राउझर या संकेतस्थळावर खातं कसं काढायचं ते सांगत नाही. फुकट आहे, जमेल तुम्हाला.

माझी चूक मात्र सविस्तर सांगतो. मी एका वर्षीचं ऑक्टोबरचं चित्र घेतलं आणि त्याच्या शेजारी पुढच्या एप्रिलचं लावलं. मधे दीडदोन एकर लाल झालेलं दिसलं. लगेच त्यावर रेघ मारली, ‘नवीन खोदकाम’ लिहिलं आणि अर्ज दिला. पाहणीला माणसं आली तेव्हा त्या जागी भाताची धसकटं होती! कापणी झालेलं शेत उन्हाळ्यात वरून खड्ड्यासारखंच लाल दिसतं, हे मला सुचलं नाही. खरा खड्डा पलीकडे दोन शेतं सोडून होता, तिकडे कुणी फिरकलं नाही. ‘तक्रारीत तथ्य नाही’ असा शेरा बसला. पुढचे दोन्ही अर्ज त्याच शेऱ्यावर बोट ठेवून परत आले. त्यातला एक तर मराठीत आहे म्हणून आधी घेतच नव्हते. खड्ड्याला कुठली भाषा असते, सांगा! तरीही अर्ज कन्नडमध्येच लिहून घ्या, त्यात महिना घालवू नका.

म्हणून दरवर्षीचा एकच पंधरवडा धरा. माझ्या मते पाऊस सरल्यावर, कापणीच्या आधीचा सगळ्यात चांगला. तेव्हा शेत, माळ, झुडपं सगळं हिरवं असतं, त्यात जे लाल राहतं त्याचा संशय धरायचा. जून ते सप्टेंबर आपल्याकडे ढगांशिवाय काही दिसत नाही. रडारची चित्रं ढगातूनही मिळतात, पण डोंगरउतारावर ती वाचणं आपल्यासारख्याचं काम नव्हे.

तिथल्या सेंटिनेल-२ उपग्रहाच्या चित्रातला एक ठिपका १० मीटर बाय १० मीटर, म्हणजे जवळजवळ एक गुंठा. त्यामुळे खड्डा चारपाच गुंठ्यांनी वाढला तरच ठामपणे बोला. ‘जुनाच’ या उत्तराला लँडसॅट या जुन्या उपग्रहमालिकेची चित्रं बघा, १९८४ पासूनची आहेत, पण ठिपका ३० मीटरचा, म्हणजे नऊ गुंठे. मोठी खाण असेल तरच उपयोग. काठ नेमका कुठवर आलाय ते गूगल अर्थच्या जुन्या चित्रांत जास्त स्पष्ट कळतं. प्रत्येक चित्राची तारीख लिहून ठेवा.

खोली यातून कळत नाही. वीटभट्टीसाठी शेताची वरची माती काढून परत भात लावतात, तेही एका पावसात हिरवं होऊन झाकलं जातं. तिथे फोटो आणि टेपच लागते. या मातीचा व्यवहार मला मनापासून खुपतो. पिढ्यांनी कसलेला थर एका हंगामात टिपरमधून निघून जातो.

सर्वे नंबर कर्नाटक सरकारच्या ‘दिशांक’ ॲपवर बघा, पण हद्दीचा वाद असेल तर त्यावर विसंबू नका, सरकारी मोजणी मागा. मी वकील नाही, हा फक्त माझा अनुभव. आणि अर्ज देण्याआधी, लाल दिसणाऱ्या प्रत्येक जागी एकदा स्वतः चालत जाऊन या. मी गेलो नव्हतो.